चार कुलपांची पेटी

जर्मनीतल्या माइन्त्स शहराच्या धर्मपीठावर दहा वर्षांत तीन आर्चबिशप मरण पावले. 1504 साली एक गेले, 1508 साली दुसरे, आणि 1514च्या फेब्रुवारीत तिसरे. दुःखापेक्षा लोकांना धसका होता तो खर्चाचा. नव्या आर्चबिशपला रोमची मान्यता हवी, तर पोपच्या दरबारी जबर नजराणा भरावा लागे. तो भरला की पॅलियम नावाचा पांढऱ्या लोकरीचा पट्टा खांद्यावर येई, आणि मगच गादी पक्की होई. हा पैसा शेवटी रयतेकडूनच वसूल होत असे. दोन नजराण्यांनी पिळून निघालेल्या माइन्त्सला तिसरा परवडणारा नव्हता.

अशा वेळी ब्रांडेनबुर्गच्या राजघराण्यातल्या आल्ब्रेख्तने निरोप धाडला: मला निवडा, नजराण्याचा भार मी उचलतो. त्याने तेव्हा पंचविशीही गाठली नव्हती. माग्देबुर्गचं आर्चबिशपपद त्याच्याकडे आधीच होतं आणि हाल्बरश्टाटचा कारभारही त्याच्याच हाती होता. चर्चच्या कायद्याने एका माणसाला एकच धर्मप्रांत, आणि तोही तिशीनंतर. हे दोन्ही नियम बाजूला ठेवण्यासाठी पोपची खास सूट लागणार होती, आणि तिची किंमत 10,000 डुकाट ठरली. माइन्त्सचा आर्चबिशप हा सम्राट निवडणाऱ्या सात जणांपैकी एक, त्यामुळे घराण्याला ही गादी काहीही करून हवीच होती.

एवढा पैसा आल्ब्रेख्तकडे नव्हता. तो होता ऑग्सबुर्गच्या याकोब फुगरकडे. चांदी आणि तांब्याच्या खाणींतला हा व्यापारी राजांना कर्ज देई, आणि जर्मनीतून रोमला जाणारा चर्चचा पैसाही बराचसा त्याच्याच पेढीमार्फत फिरे. आल्ब्रेख्तने त्याच्याकडून 29,000 गुल्डेन उचलले. पुढे मार्टिन ल्यूथरला विद्यापीठाचा नामवंत प्राध्यापक म्हणून, लग्नानंतर वाढवून, वर्षाला 200 गुल्डेन मिळत. त्यावरून या रकमेचा अंदाज यावा.

कर्ज फेडायची वाट रोमनेच दाखवली. तिथे सेंट पीटरचं नवं भव्य चर्च उभं राहत होतं. पोप दुसरा ज्युलियस याने 1506 साली त्याची पायाभरणी केली होती, आणि आता पोप दहावा लिओ पैशासाठी अडला होता. 31 मार्च 1515 रोजी त्याने फर्मान काढलं. आल्ब्रेख्तच्या मुलखात आठ वर्षं क्षमापत्रं विकावीत, मिळकतीचा अर्धा वाटा सेंट पीटरच्या बांधकामाला जावा, आणि उरलेला अर्धा आल्ब्रेख्तकडे, म्हणजेच फुगरच्या पेढीवर. सम्राट मॅक्सिमिलियननेही या व्यवहाराला संमती देताना दरसाल हजार गुल्डेनप्रमाणे तीन वर्षांचा वाटा मागून घेतला. लोकांना यातलं एकच सांगितलं गेलं: प्रेषित पेत्राच्या कबरीवर मंदिर उभं राहतंय, त्याला हातभार लावा.

क्षमापत्र म्हणजे काय, हे नीट समजून घेतल्याशिवाय त्या बाजाराची ताकद कळत नाही. पापाची कबुली दिली, धर्मगुरूने क्षमा उच्चारली, तरी पापाची शिक्षा शिल्लक राहते अशी शिकवण होती. ती शिक्षा या जन्मी उपास, यात्रा, दानधर्म करून भोगायची, नाहीतर मेल्यावर शुद्धिस्थानातल्या आगीत. संतांच्या पुण्याचा साठा चर्चच्या हाती आहे आणि त्यातून ही शिक्षा माफ करता येते, यावर क्षमापत्राचा पाया होता. शिवाय 1476 सालापासून ही माफी मेलेल्यांच्या नावेही घेता येऊ लागली होती. ज्या घरातली आई नुकतीच गेली आहे, त्या घराला ती आगीत पडली आहे आणि तुझ्या कमरेच्या पिशवीत तिची सुटका आहे असं सांगितलं, तर कोण हात आखडता घेईल? या पैशामागे माया होती, भीती होती, खरी श्रद्धा होती. म्हणूनच त्याचा जो वापर झाला तो जास्त लागतो.

विक्रीचं काम डोमिनिकन पंथाच्या योहान टेट्सेलकडे आलं. 1517च्या वसंतात तो माग्देबुर्गच्या हद्दीतल्या युटरबोग गावी पोचला. गावात त्याचा प्रवेश कसा होई, याचं वर्णन त्या काळच्या लोकांनी लिहून ठेवलं आहे. पोपचं फर्मान मखमली उशीवर ठेवून पुढे आणत. धर्मगुरू, नगरपालिकेचे सभासद, शिक्षक, शाळेतली पोरं, बाया-माणसं, सगळे मेणबत्त्या आणि निशाणं घेऊन सामोरे जात. सगळ्या घंटा वाजत. चर्चच्या मधोमध लाल क्रूस उभा राही, त्यावर पोपचं निशाण टांगलं जाई, आणि त्यापाशी लोखंडी पट्ट्यांची पेटी. दर ठरलेले होते. राजे, राण्या, आर्चबिशप यांना 25 सोन्याचे गुल्डेन, व्यापाऱ्याला 3, कारागिराला 1. ज्याच्यापाशी काहीच नाही त्याने उपास आणि प्रार्थना करावी, कारण स्वर्गाचं दार गरिबालाही उघडं असलं पाहिजे, असं आल्ब्रेख्तच्या सूचनापत्रकात स्पष्ट लिहिलं होतं. ते वाक्य कागदावर होतं हे नोंदवायलाच हवं. पण वसुलीच्या फिरतीवर फुगरचा माणूस सोबत असे, पेटीवर त्याचा ताबा असे आणि पैसा त्याच्यासमोर मोजला जाई. पेटीत नाणं पडलं की जीव आगीतून सुटलाच, असं टेट्सेलच्या प्रवचनांतून गावोगाव पसरलं होतं.

शेजारच्या सॅक्सनीत टेट्सेलला बंदी होती. तिथला शासक फ्रेडरिक याला आपल्या मुलखातला पैसा ब्रांडेनबुर्गच्या घराण्याकडे जाऊ द्यायचा नव्हता. त्याचे स्वतःचेही हितसंबंध होते: विटेनबर्गच्या किल्ल्यातल्या चर्चमध्ये त्याने संतांचे अवशेष जमवले होते, 1520पर्यंत त्यांची संख्या 19,000च्या घरात गेली, आणि त्यांच्या दर्शनालाही क्षमेची जोड होती. त्यामुळे ही काही एका लोभी संन्याशाची गोष्ट नाही. अख्ख्या व्यवस्थेला या पैशाची सवय लागली होती. विटेनबर्गचे लोक मात्र हद्द ओलांडून युटरबोगला जात, क्षमापत्र आणत, आणि आपल्या पाळकाला दाखवून म्हणत, आता पश्चात्ताप कशाला? तो पाळक होता मार्टिन ल्यूथर.

31 ऑक्टोबर 1517 रोजी ल्यूथरने वादासाठी मांडलेले 95 मुद्दे एका पत्रासोबत पाठवले ते थेट आल्ब्रेख्तलाच. तुमच्या नावाने काय चाललंय ते तुम्हाला ठाऊक नसावं, अशा आदराच्या भाषेत. अर्धा पैसा त्याच आल्ब्रेख्तच्या कर्जात जातोय हे ल्यूथरला तेव्हा माहीतच नव्हतं, पुढे त्याने स्वतः तसं लिहिलं. त्या 95 मुद्द्यांत धर्मशास्त्र खूप आहे, पण मला त्यात पुन्हापुन्हा पैसाच दिसतो. गरजवंताला दिलेलं दान क्षमापत्रापेक्षा मोठं. ज्याच्याकडे चैनीपुरतं नाही त्याने घरच्यांच्या गरजेचं आधी पाहावं, क्षमापत्रावर उधळू नये. पोपपाशी कुबेराची संपत्ती आहे, मग गरिबांच्या पैशातून चर्च का बांधतो? आणि आपल्या मेंढरांच्या कातड्या-हाडांवर सेंट पीटर उभं राहतंय हे पोपला कळलं, तर ते जळून राख झालेलं त्याला चालेल. यातला शेवटचा मुद्दा लिहिताना त्या माणसाचा पोपवर अजून विश्वास होता, हे विसरता कामा नये.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे: ल्यूथरवरचा बहिष्कार, वॉर्म्सच्या सभेतली त्याची चौकशी, वार्टबुर्गच्या किल्ल्यातला त्याचा आसरा. इतिहासाची पुस्तकं बहुधा याच वाटेने जातात. पण क्षमापत्रं बंद पडली, मठांतून लोक बाहेर पडू लागले, त्यानंतर जो प्रश्न उभा राहिला तो मला जास्त मोलाचा वाटतो. शेकडो वर्षं भाविकांनी देवाच्या नावाने दिलेल्या जमिनी, घरं, ठेवी, धान्य, चांदीची भांडी यांचं आता करायचं काय? ती कोणाची?

सॅक्सनीत मुल्डे नदीकाठी लाइस्निग नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या चर्चवर जवळच्या बूख मठाच्या मठाधिपतीचा हक्क होता, पाळक तो नेमायचा, उत्पन्नही मठाच्या हाती. 1522च्या सप्टेंबरात ल्यूथर तिथे येऊन गेला. पुढे जानेवारी 1523 मध्ये गावाने सेबास्टियान फॉन केटरित्स हा सरदार आणि फ्रान्स साल्बाख हा नागरिक अशा दोघांना पत्र देऊन विटेनबर्गला धाडलं. आमचा पाळक आम्ही निवडला आहे, चर्चच्या सगळ्या मिळकती आम्ही एका पेटीत घालणार आहोत, त्याचे नियम केले आहेत, तपासून द्या, अशी त्यांची विनंती होती. ल्यूथरला ते नियम इतके आवडले की त्याने स्वतःची प्रस्तावना लिहून त्याच वर्षी ते छापले.

हा मसुदा गावकऱ्यांनी लिहिलेला आहे, हे त्याच्या ओळीओळीत जाणवतं. दरवर्षी जानेवारीत एका रविवारी अकराच्या सुमाराला गावाने जमायचं आणि दहा कारभारी निवडायचे: दोन सरदारांमधले, दोन नगरपालिकेतले, तीन गावातले साधे नागरिक, तीन आसपासच्या खेड्यांतले शेतकरी. पेटी चर्चमध्ये सुरक्षित जागी. तिला चार वेगवेगळी कुलपं. एक किल्ली सरदारांकडे, एक नगरपालिकेकडे, एक नागरिकांकडे, एक शेतकऱ्यांकडे. चौघं एकत्र आल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. पेटीला अनेक किल्ल्या ठेवण्याची पद्धत नवी नव्हती. तिसऱ्या इनोसंट पोपने 1199 साली धर्मयुद्धाच्या वर्गणीसाठी तीन किल्ल्यांची पेटी सांगितली होती. नवं होतं ते किल्ली कोणाकडे द्यायची हे. ज्या काळात जर्मन शेतकऱ्याला सहसा कोणी सभेत बसवून घेत नव्हतं, त्या काळात पेटीची चौथी किल्ली त्याच्या कमरेला असणार होती. ल्यूथरच्या साऱ्या व्याख्यानांइतकीच मला ती एक किल्ली महत्त्वाची वाटते.

दहा जणांनी दर रविवारी अकरा ते दोन एकत्र बसायचं. तीन वह्या ठेवायच्या: एकीत दस्तऐवज, दुसरीत झालेले ठराव, तिसरीत जमाखर्च. वर्षातून तीनदा सगळ्या गावाची सभा, आणि त्या सभेपुढे हिशेब वाचून दाखवायचा. सालअखेर जुन्या कारभाऱ्यांनी नव्यांना पै-पैचा हिशेब देऊन मोकळं व्हायचं.

चर्चमध्ये दोन पिंपं ठेवलेली असत. उपासनेला येणाऱ्याने त्यात पाव, चीज, अंडी, मांस, जे जमेल ते टाकायचं. शेजारी नाण्यांसाठी डबा. नासणारं अन्न त्याच दिवशी गरजूंच्या घरी जायचं, टिकणारं रविवारपर्यंत राखून मग वाटायचं. याखेरीज शेतजमिनींचं उत्पन्न, जुन्या धर्मबंधुमंडळांच्या ठेवी, मृत्युपत्रातली दानं, सगळं त्याच पेटीत.

आणि खर्च? पाळकाचा आणि चर्चच्या सेवकाचा पगार दर तिमाहीला पेटीतून. मुलांच्या शाळेचा मास्तर पेटीतून. बारा वर्षांखालच्या मुलींना लिहायला-वाचायला शिकवायला एक पोक्त, सचोटीची बाई नेमायची, तिचाही पगार पेटीतून. 1523 साली, एका आडगावात, मुलींच्या शाळेची तरतूद दानाच्या हिशेबात लिहिलेली आहे! अनाथ पोरांना सांभाळायचं, हुशार असेल त्याला शिकवायचं, बाकीच्यांना कसब लावून द्यायचं, अनाथ मुलींच्या लग्नाला मदत करायची. कारागीर अडला तर त्याला बिनव्याजी उसने द्यायचे, आणि खरोखर फेडता आलेच नाहीत तर देवासाठी सोडून द्यायचे. धान्य स्वस्त असेल तेव्हा खरेदी करून साठवायचं, म्हणजे टंचाईत गाव उपाशी राहणार नाही. भीक मागायला बंदी, संन्याशांनाही. धडधाकट असेल त्याने काम करावं, नाहीतर गाव सोडावं. म्हातारे, आजारी आणि प्रामाणिकपणे कष्ट करूनही नडलेले यांची जबाबदारी मात्र पेटीची. हे सगळं भागलं नाही, तर प्रत्येकाने ऐपतीप्रमाणे वार्षिक कर द्यायचा.

भिकाऱ्यांना हाकलण्याचं कलम आज वाचताना खुपतं. गावाबाहेरच्या गरिबाला लाइस्निगच्या पेटीत जागा नव्हती, आणि हे त्या योजनेचं खरं वैगुण्य होतं. पण भीक घालून पुण्य मिळवायचं की भीक मागायची वेळच येऊ द्यायची नाही, या निवडीत गावाने दुसरी बाजू घेतली, ती विचारपूर्वक.

ल्यूथरच्या प्रस्तावनेत मला त्याची माणुसकी सर्वांत जास्त दिसते. मठांची मालमत्ता कशी वाटावी हे तो क्रमाने सांगतो. ज्यांना मठातच राहायचं आहे, विशेषतः म्हाताऱ्यांना, त्यांना मरेपर्यंत सन्मानाने पोसा, उलट आधीपेक्षा चांगलं द्या. जे बाहेर पडतात त्यांना नवा संसार उभारण्यापुरतं द्या. उरलेलं सामाईक पेटीत. ज्या दात्यांचे वारस आज हलाखीत आहेत त्यांना त्यांच्या पूर्वजांनी दिलेल्यातला वाटा परत करा, कारण पोटच्या पोरांना उघड्यावर टाकून केलेलं दान देवाला नको असतं. आणि मठाने व्याजबट्ट्याने कमावलेलं असेल तर ते आधी ज्याचं त्याला द्या. लूट होणार, जो तो हाताला लागेल ते ओढणार, ही भीतीही त्याने उघड बोलून दाखवली आहे.

ती भीती लाइस्निगमध्येच खरी ठरली, आणि ओढणारा पोप नव्हता की मठाधिपती नव्हता. नगरपालिकेच्या ताब्यात चर्चच्या काही ठेवी आणि मिळकती होत्या. त्या पेटीत घालायला तिने नकार दिला. गावाने ठराव केला होता, ल्यूथरने तो छापून साऱ्या जर्मनीला दाखवला होता, तरी किल्ली असलेल्या चौघांपैकी एकजण आपला हात मोकळा करेना. 11 ऑगस्ट 1523 रोजी ल्यूथरने फ्रेडरिकला पत्र लिहून या नियमांना मंजुरी मागितली. फ्रेडरिकने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. पेटी अर्धीमुर्धी रिकामी राहिली. नोव्हेंबर 1524 मध्ये ल्यूथर आपल्या मित्राला, फ्रेडरिकचा चिटणीस श्पालाटिनला, कळवतो की लाइस्निगच्या पाळकाला उपासमारीने गाव सोडावं लागेल अशी वेळ आली आहे. हा पाळक टिलेमान श्नाबेल, स्वतः मठ सोडून आलेला विद्वान माणूस. ज्या गावाने स्वतःचा पाळक स्वतः निवडायचा हक्क साऱ्या जगापुढे मांडला, त्या गावाला त्याच्या भाकरीची सोय करता आली नाही.

लाइस्निग अपवाद नव्हतं. त्याच वर्षी जर्मनीतल्या सगळ्या नगरपालिकांना लिहिलेल्या शाळांविषयीच्या पत्रात ल्यूथर विचारतो की क्षमापत्रं, यात्रा, मृतांसाठीच्या उपासना यांवर दरसाल जो पैसा जात होता, तो आता वाचला, तर त्यातला थोडा मुलांच्या शिक्षणाला का निघू नये? बंदुका, रस्ते, पूल, बांध यांना पैसा मिळतो, मास्तराला का नाही? हे लिहिणाऱ्याला उत्तर माहीत होतं. भीतीने पिशवी सैल झाली होती, भीती गेली तशी ती आवळली. कृपा फुकट आहे हे लोकांनी चटकन ऐकलं, आणि फुकट मिळालेल्याने फुकट द्यावं हे ऐकायला त्यांना वेळ लागला. राजांनी तर अनेक ठिकाणी मठांच्या जमिनी थेट आपल्या खजिन्यात ओढल्या.

याच काळात याकोब फुगरने काय केलं, तेही सांगितलं पाहिजे. 1521 साली त्याने ऑग्सबुर्गच्या कष्टकरी गरिबांसाठी बांधलेल्या घरांच्या वस्तीचं दानपत्र केलं. भाडं वर्षाला एक गुल्डेन, आणि रोज तीन प्रार्थना देणगीदाराच्या आत्म्यासाठी. फुगराई नावाची ती वस्ती आजही आहे. तिथे आजही गरजू कॅथलिक राहतात, आणि वर्षाचं भाडं एक युरोही भरत नाही. क्षमापत्रांच्या पैशावर ताबा असलेली पेढी आणि पाचशे वर्षं टिकलेलं हे दान एकाच माणसाचं आहे. कॅथलिक जग हातावर हात ठेवून बसलेलं नव्हतं. फ्लँडर्समधल्या ईप्र शहराने 1525 साली गरिबांसाठी सामाईक निधी उभारला, आणि पुढच्याच वर्षी ब्रुजमध्ये राहणाऱ्या स्पॅनिश विद्वान व्हिवेसने गरिबांच्या मदतीवर आपला ग्रंथ लिहिला. क्षमापत्रांच्या फिरत्या वसुलीदारांचं पदच ट्रेंटच्या धर्मसभेने 1562 साली रद्द केलं. 1567 साली पाचव्या पायस पोपने पैशाच्या बदल्यात मिळणारी सगळी क्षमापत्रं मोडीत काढली. टेट्सेलला जाऊन तेव्हा जवळजवळ पन्नास वर्षं झाली होती.

लाइस्निगचा धडा ज्याने नीट गिरवला तो विटेनबर्गचा पाळक योहानेस बुगेनहागेन. ल्यूथर ज्याच्याकडे पापाची कबुली द्यायचा तो हा माणूस उत्तरेकडच्या शहरांना चर्चचे नियम लिहून देत फिरला: 1528 साली ब्राउनश्वाइग, 1529 साली हांबुर्ग, 1531 साली ल्युबेक. एकाच पेटीत सगळं घातलं की पाळकाचा पगार आणि गरिबाची भाकरी एकमेकांच्या तोंडातला घास काढतात, हे त्याने ओळखलं होतं. म्हणून त्याने दोन पेट्या केल्या. चर्चच्या जमिनी आणि ठेवींचं उत्पन्न एका पेटीत, त्यातून पाळक, मास्तर आणि इमारतींची दुरुस्ती. लोकांनी रविवारी टाकलेलं दान दुसऱ्या पेटीत, आणि त्या पेटीला गरिबांशिवाय कोणाचाही हात लागायचा नाही. दोन्ही पेट्यांचे कारभारी वेगळे, वह्या वेगळ्या, हिशेब वेगळे.